पेठेचे रक्षण आणि शेजारधर्म

(मठाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



मठाच्या या सभेत नागरिक व पोलीस यांच्या सहकार्याविषयी चार शब्द बोलावेत, असे मंडळींनी सुचविले तेव्हा मला प्रथम संकोचच वाटला. ज्या स्थानी कीर्तन-प्रवचनाचा घोष व्हावयाचा, तेथे चोरी, फिर्याद, पंचनामा हे शब्द कसे उच्चारावेत? परंतु पुढे ध्यानात आले की, ज्या एका शब्दाने समर्थांना बोहल्यावरून उठविले असे परंपरा सांगते, तो शब्द 'सावधान' हाच होता. सावधपणा परमार्थाला हवा, तसाच प्रपंचालाही हवा. आणि शेजाऱ्याच्या जिवाविषयी व वित्ताविषयी सावध राहणे, हे तर दोहोंच्या सीमेवरचे कर्तव्य होय. म्हणून आज मी येथे उभा आहे.

आरंभी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एक वृद्ध बाई एकट्याच राहत असत. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास. एके दिवशी भरदुपारी त्यांच्या घरी चोरी झाली. त्याआधी थोडा वेळ दोन तरुण त्यांचे दार ठोठावीत असताना मी आमच्या गच्चीवरून पाहिले होते व त्यांतील एकाचा चेहरा माझ्या चांगला लक्षात होता. सायंकाळी हवालदार विचारपूस करीत आले तेव्हा मी सांगितले, "माझे लक्ष नव्हते." साक्षीपायी किती खेपा पडतील, ते लोक पुढे माझ्यावर दात धरतील काय, हेच विचार माझ्या मनात होते. चोर सापडले नाहीत. वर्षभरात त्या बाईंनी घर विकले व त्या मुलाकडे निघाल्या. निरोप घेताना हात जोडून मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सगळे होतात म्हणून इतकी वर्षे निभावली."

श्रोतेहो, त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजचे हे भाषण म्हणजे उशिरा दिलेले उत्तर समजा.

आपण ज्याला लष्कर म्हणतो, ते नगर मुळात एक तळ आहे. १८१० साली दौलतराव शिंदे यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेस पडली ती पुन्हा हलली नाही, आणि तिचेच शहर झाले. सरदारांचे गोट जेथे पडले, तेथील वस्त्यांना अजून त्यांची नावे आहेत. येथल्या हिंदीत 'गोट' शब्दाचे 'गोठ' झाले एवढेच. छावणीत राहणाऱ्यास पहारा म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. कोण आले, कोण गेले, कोणाच्या राहुटीत दिवा नाही, हे सर्वांनाच ठाऊक असते. आज गोटाचे नाव राहिले, परंतु भिंतीपलीकडच्या खोलीत कोण भाडेकरू आला, हे आपणांस सहा महिने कळत नाही. अनेक वाड्यांतून केवळ सत्तरी उलटलेली दोन माणसे राहतात. मुले पुणे, इंदूर, बंगळूर अथवा परदेशी. या वस्तीचे रक्षण पोलिसांनी एकट्याने करावयाचे म्हटले, तर ते होणार कसे?

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. दक्षिणेतील खेड्यांत पाटील, जागल्या, रामोशी ही मंडळी गावाच्या राखणीस असत. चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जावयाचे आणि पुढील गावाच्या हाती तो माग सोपवावयाचा. जेथे माग हरवेल त्या गावावर चोरीच्या भरपाईची जबाबदारी येई. या व्यवस्थेत दोषही होते. परंतु तिच्या मुळाशी असलेला विचार मोलाचा होता. चोरी एका घराची असली तरी लाज साऱ्या गावाची असे.

याच इतिहासात एक भयंकर धडाही आहे. पेशवाईत पुण्याच्या कोतवालीवर असलेल्या घाशीराम याने १७९१ साली काही तेलंगी ब्राह्मणांना कोंडून ठेविले व त्यांतील अनेक जण गुदमरून मेले. पुढे प्रक्षुब्ध जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारिले. या कथेत अपराध दोन आहेत. ज्याच्यावर लोकांची नजर नाही अशी कोतवाली हा पहिला. आणि ज्याच्यावर कायद्याचा अंकुश नाही असा लोकक्षोभ हा दुसरा. पोलीस व नागरिक एकमेकांपासून तुटले म्हणजे या दोहोंपैकी एक तरी पदरी येतेच.

मग ते जोडावेत कसे? याचे उत्तर महाराष्ट्रातील एका गावाने आपल्या काळातच दिले आहे. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तेथे भीषण दंगल झाली आणि १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा झाली. गावाचे नावच दंगलीशी जोडले गेले. १९८८ साली श्री. सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आले. त्यांनी गावभर सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभारिल्या. नेहमीचे पुढारी बाजूस ठेवून दोन्ही समाजांतील साध्या माणसांना त्यांनी समित्यांत घेतले आणि अधिकाऱ्यांबरोबर शिपाई व हवालदारांवरही त्या चालविण्याची जबाबदारी टाकिली.

येथे क्षणभर थांबावयास हवे, कारण सारे मर्म याच ठिकाणी आहे. या समित्या दंगल थांबविण्यासाठी दंगलीच्या दिवशी जमल्या नाहीत. काहीही घडत नव्हते, अशा साध्या दिवसांत त्या जमत राहिल्या. लहानसहान तंटे तेथे बोलून मिटू लागले. ज्या शिपायाला पाहून लोक दार लावीत, त्याचे नाव त्यांना कळले. आणि शिपायालाही त्या दारामागे कोण राहते, हे कळले. त्यामुळे डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, सुमारे नऊशे माणसे प्राणास मुकली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या वेळी श्री. खोपडे यांची बदली झालेली होती. त्यांच्या जागी आलेले श्री. गुलाबराव पोळ यांनी तेच काम पुढे चालविले. हेही ध्यानात घ्या, की एक अधिकारी गेला तरी घडी मोडली नाही. पुढे श्री. खोपडे यांनी 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' या नावाचे पुस्तकच लिहिले. मुंबईतही दंगलीनंतर श्री. जुलिओ रिबेरो, श्रीमती सुशोभा बर्वे व तेव्हाचे पोलीस आयुक्त श्री. सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांचे काम उभे राहिले. परंतु तेथे घर जळून गेल्यावर विहीर खणली गेली. भिवंडीत ती आधीच खणलेली होती.

आता आपल्या चंबळेकडे या. मे १९६० मध्ये विनोबाजी भिंड-मुरैना भागात पदयात्रा करीत असताना लोकमन ऊर्फ लुक्का याच्यासह वीस बागी शस्त्रे ठेवून शरण आले. मेजर जनरल यदुनाथसिंह यांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली होती. हृदयपरिवर्तनाचा तो प्रसंग थोरच. परंतु तेव्हाचे मध्य प्रदेशाचे पोलीसप्रमुख श्री. रुस्तमजी यांनी त्यावर उघड टीका केली. बागींचा गौरव झाला, तर त्यांच्याशी झुंजणाऱ्या शिपायाचे धैर्य खचेल, अशी त्यांची चिंता होती. ती अगदीच अनाठायी म्हणता येईल काय? ज्यांच्या घरचा माणूस चकमकीत पडला, त्यांचेही मन होतेच. सज्जनांचा प्रयत्न व पोलिसांचे कर्तव्य ही दोन चाके तेव्हा एका गाडीला नीट जोडली गेली नव्हती.

बारा वर्षांनी ती उणीव पुष्कळ अंशी दूर झाली. १९७२ मध्ये सर्वोदयी कार्यकर्ते व शासन यांच्यात आधी बोलणी झाली. पगारा येथे शांतिक्षेत्र ठरविण्यात आले. आणि एप्रिल महिन्यात जौरा येथे जयप्रकाशजींच्या उपस्थितीत मोहरसिंह, माधोसिंह यांच्यासारख्या नामांकित बागींनी गांधीजींच्या प्रतिमेपुढे शस्त्रे ठेविली. पुढे अशा बंदींसाठी मुंगावली येथे खुले कारागृह निघाले. गुन्ह्याची शिक्षा टळली नाही, आणि माणूसही वाया गेला नाही. भिवंडी असो वा जौरा, दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते: विश्वास संकटाच्या वेळी मागून मिळत नाही, तो आधी साठवून ठेवावा लागतो.

आता आपल्या गल्लीकडे वळू. मी साक्षीला भ्यालो, ते बहुतांशी अज्ञानामुळे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे स्त्रिया, साठ वर्षांपुढील पुरुष, अपंग व आजारी व्यक्ती यांना तपासातील विचारपुशीसाठी राहत्या जागेखेरीज अन्यत्र येण्यास पोलीस भाग पाडू शकत नाहीत. जुन्या कायद्यातही स्त्रियांना व पासष्टीपुढील पुरुषांना ही सवलत होतीच. ती मला ठाऊक नव्हती. गुन्हा कोठेही घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही ठाण्यावर देता येते आणि लिहून घेतलेल्या खबरीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. खून, दरोडा यांसारख्या गुन्ह्यांची खबर देणे हे तर कायद्याने घातलेले बंधनच आहे. हे आपण स्वतः जाणावे व घरातील वृद्धांना सांगावे.

चोरही आता पूर्वीचे राहिले नाहीत. ते दार न ठोठावता दूरध्वनीवरून घरात शिरतात. "आम्ही पोलीस बोलतो, तुम्हांस अटक झाली आहे, कोणाशी बोलू नका," असे धमकावून माणसाला त्याच्याच घरात दिवसचे दिवस बसवून ठेवितात. आपल्याच शहरात २०२५ मध्ये अशा प्रकारात कोट्यवधी रुपये गेले. अशी 'डिजिटल अटक' कोणत्याही कायद्यात नाही. या फसवणुकीचे सारे बळ त्या एका आज्ञेत आहे: "कोणाशी बोलू नका." त्यावरचा उताराही एकच: शेजाऱ्याचे दार ठोठावणे आणि १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविणे. ज्याला आपल्या चौकीतील शिपाई नावाने ठाऊक आहे, त्याला खोट्या पोलिसाच्या आवाजाने फसविणे कठीण जाईल.

याबरोबर एक इशाराही देणे अगत्याचे आहे. सावधपणा म्हणजे संशय नव्हे. भंगार वेचणारा, फेरीवाला, परप्रांतीय मजूर दिसला की चोर ठरविणे, हा अधर्म आहे. मुले पळविणारी टोळी आली, अशा अफवांवरून देशात निरपराध माणसे ठार झाली आहेत. प्रत्यक्ष डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्यास नागरिकाने धरावे, एवढी मुभा कायदा देतो. परंतु विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या स्वाधीन केलेच पाहिजे. त्याला शिक्षा करण्याचा अधिकार आपला नाही. तसेच पोलिसांकडून कोणावर अन्याय झाला, तर तेही निर्भयपणे वरिष्ठांच्या कानी घालणे, हा सहकार्याचाच भाग होय. मिंधेपणा म्हणजे सहकार्य नव्हे.

मध्य प्रदेशात ग्राम व नगर रक्षा समित्यांसाठी १९९९ साली कायदा झाला. आपल्यातील धडधाकट तरुणांनी त्याची माहिती घ्यावी. परंतु मठाच्या भक्तमंडळाने करावयाचे काम त्याहून साधे आहे. भोवतालच्या गल्ल्यांत एकटे राहणारे वृद्ध किती, याची एक वही ठेवावी. प्रत्येकासाठी दोन शेजाऱ्यांनी भार घ्यावा. दिवसातून एकदा तरी हाक मारावी. उत्सवाच्या आधी चौकीवरील मंडळींना बोलावून गर्दीची व्यवस्था ठरवावी. आणि उत्सव नसेल तेव्हाही त्यांना बोलवावे. जो शिपाई गणेश चतुर्थीस, दसऱ्यास, दिवाळीस बंदोबस्तावर उभा असतो, त्याच्या घरी सण केव्हा होतो, हे आपण कधी विचारिले आहे काय? त्यालाही एक दिवस पंगतीत मानाने बसवावे.

भक्तजनहो, आमच्या गल्लीतील त्या घराला आता दुसरे मालक आले आहेत. त्या बाई परत यावयाच्या नाहीत. परंतु अशी आणखी दारे आपल्या पेठांतून आहेत व त्यांच्यामागे कोणीतरी आपल्या भरवशावर झोपी जात आहे. "तुम्ही सगळे होतात म्हणून निभावली," हे वाक्य पुन्हा कोणी आपणांस म्हणेल, तेव्हा आपल्याला मान खाली घालावी लागू नये, एवढेच मागणे या मंगल दिवशी श्रीचरणी मागतो आणि माझे भाषण पुरे करतो.