पिशवी काढण्याआधी

आम्ही दारव्ह्याच्या बचत गटांच्या बाया. आमच्या बैठकीत हप्ता, व्याज, कर्जफेड सगळं मोठ्यानं बोललं जातं. पाळीचं मात्र बैठक उठल्यावर, चपला घालताना, एकमेकींच्या कानात. आज ते रेडिओवरच बोलू.

पाळी दर महिन्याला त्याच तारखेला आली पाहिजे असं नाही. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. २१ ते ३५ दिवसांत आली तर बहुतेक ठीक. पोरींची सुरुवातीची दोन-तीन वर्षं मागेपुढे होते, चाळिशीनंतरही होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिकली काढत जा. कुणी विचारलंच, तर दुधाचा हिशेब आहे म्हणा!

तीन महिने पाळी आली नाही तर दवाखाना गाठा. त्याआधी दिवस गेलेत का ते पाहा. तपासायची किट आशाताईंकडे मिळते. आठ दिवसांच्या वर अंगावरून जात असेल, तासा-दोन तासांत कापड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, दोन पाळ्यांच्या मधात किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तरी वेचणी संपायची वाट पाहू नका. पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा डाग दिसला, तर एकच डाग का असेना, दाखवाच. दिवस गेलेले असताना रक्त गेलं किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर त्याच दिवशी जा.

पाळी बिघडण्याची कारणं पुष्कळ. थायरॉइड, पीसीओडी, पिशवीतली गाठ, तांबी, मेडिकलवरून परस्पर आणलेल्या पाळी लांबवायच्या गोळ्या. महालक्ष्म्या आल्या की त्या गोळ्या किती जणी घेतात, ते आम्हाला विचारा. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी केली की बरंचसं कळतं, आणि पुष्कळदा गोळ्यांनीच भागतं.

आता पिशवीचं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीत कामाला खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात, वरून कॅन्सरची भीती. कापूस वेचणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको. काही आजारांत पिशवी काढावीच लागते, ते खरं. पण नुसती पाळी पुढेमागे होते म्हणून नाही. सोबत अंडकोश काढले तर तरुणपणीच हाडं ठिसूळ व्हायला लागतात.

म्हणून पिशवीच्या ऑपरेशनसाठी गटाकडं कर्ज मागायला ताई आली, की आम्ही आधी विचारतो, सोनोग्राफी झाली का? दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का? नसेल तर गटातली एक बाई तिच्यासोबत दारव्ह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला जाते. सरकारी उपजिल्हा रुग्णालयात तपासणी-उपचाराचे पैसे १५ ऑगस्ट २०२३ पासून लागत नाहीत. जाताना आधीचे कागद आणि ते टिकल्यांचं कॅलेंडर पिशवीत टाका. डॉक्टर पहिला प्रश्न तारखेचाच विचारतात.