जुन्या ट्रकचा काटा खरा बोलतो का?

नारायणगाव-मंचरला माल नेणाऱ्या जुन्या ट्रकला दुसरा गिअरबॉक्स किंवा क्राऊन-पिनियन बसवले, की गाडी पळते. पण स्पीडोमीटरचा काटा एकतर हलत नाही, नाहीतर खोटे सांगतो. केबल गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर फिरते. शाफ्ट आणि चाकाचे प्रमाण बदलले, की हिशेब चुकलाच.

काटा मेला असेल तर मीटरमागची केबल सोडवा, गाडी न्यूट्रलमध्ये सपाटीवर ढकला. आतली तार फिरली तर दोष मीटरचा. नाही फिरली, तर तार तुटली किंवा केबलच्या टोकाची छोटी पिनियन झिजली.

काटा हलतो पण शंका येते? मोकळ्या सरळ रस्त्यावर ४० वर धरा. शेजारच्याने (चालकाने नव्हे!) किलोमीटरच्या दोन दगडांमधली वेळ मोजावी. ९० सेकंद लागली पाहिजेत. ७५ लागली, तर खरा वेग ४८. भरल्या गाडीला घाटउतारावर हा फरक थोडा नाही. अशा वेळी पिनियनच्या दात्यांना काट्याच्या वेगाने गुणा आणि खऱ्या वेगाने भागा. १८ दात्यांच्या जागी १५ ची लागेल. जुनी पिनियन दुकानात सोबत न्या, आणि नवी आतल्या वर्मशी जुळते ना, हे मिस्त्रीकडून पाहून घ्या. उगाच मीटर बदलून पैसे घालवू नका.

टायरचा आकार बदललात, तरी हीच परीक्षा घ्या. ऑईल बदलण्याचा हिशेबही याच मीटरवर चालतो.