पणजीचं नाव काय होतं?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेला 25 वर्षं पूर्ण झाली म्हणून प्रत्येकाने आपल्या आवडीच्या विषयावर बोलावं, असं ठरलं. माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यात झाली. आयुष्य नकाशे आणि उतारे पाहण्यात गेलं. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला निघतात, मी माझे पूर्वज शोधायला निघालो. त्या शोधाबद्दल आज बोलणार आहे.

आधी एक छोटी परीक्षा. आई-वडील 2, आजी-आजोबा 4 आणि पणजी-पणजोबा 8. एकूण 14 नावं. मनातल्या मनात मोजा. वडिलांकडची बहुतेकांना येतील, आईकडची अडखळत येतील. आणि चार पणज्यांची नावं? सभागृहात आत्ता जी शांतता झाली, तेच माझ्या व्याख्यानाचं कारण आहे.

आपण इथे कोण पारनेरचे, कोण शेवगाव-पाथर्डीचे, कोण जामखेडचे, काही जण आष्टी-पाटोद्याकडून आलेले. गाव सुटलं की आधी वाडा जातो, मग भावकी जाते आणि शेवटी नावं जातात. म्हणून सुरुवात करायची ती घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापासून. फोनवर आवाज रेकॉर्ड करा. सनावळी विचारू नका, त्यांना ती आठवत नाही. "तुमचं लग्न 72 च्या दुष्काळाआधी की नंतर?" असं विचारा, बरोबर सांगतात. आत्याला, मावशीला आधी विचारा. भाऊबंदकीचं पुरुषांना आठवतं, पण कोणाची मुलगी कुठे दिली हे बायकांनाच ठाऊक असतं.

त्यानंतर कागद. ट्रंकेतली लग्नपत्रिका, खरेदीखत, शाळेचा दाखला, सगळं कामाचं. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो. गाव नमुना 14 मध्ये जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात, त्याला आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात. सातबारा सगळ्यांना माहीत आहे, पण घराण्याचा इतिहास असतो तो फेरफारात. कोण वारलं, वारस कोण लागले, कोणाचं नाव कमी झालं, हे सगळं तिथे असतं. त्यामागे जायचं तर कडईपत्रक आणि मोजणीचे जुने कागद.

इथे दोन अडचणी येतात. पहिली, जुन्या कागदात आडनाव बहुधा नसतं. "रामजी बिन विठू" असं असतं. बिन किंवा वलद म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. त्यात आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे रामजी बिन विठू आणि विठू बिन रामजी दर पिढीला पुन्हा भेटतात. दुसरी अडचण सनाची. शके असेल तर 78 मिळवायचे, फसली असेल तर 590. शके 1812 म्हणजे इसवी सन 1890, हे मुलांनीही लिहून घ्या.

आणि जिल्ह्याच्या हद्दी! नाशिक जिल्हा वेगळा झाला 1869 साली, तोपर्यंत त्यातला बराच भाग आपल्या नगरमध्ये होता. बीडकडचा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा, त्यामुळे तिकडचे काही कागद उर्दूत मिळतात. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण जुना कागद मागताना जुनंच नाव सांगावं लागतं.

सरकारी कागद संपले की तीर्थक्षेत्र. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यानपिढ्यांचे चोपडे आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की ते नेमका चोपडा काढतात. आलेल्या माणसाने वडील, आजोबा, भाऊ, मुलं यांची नावं सांगायची आणि खाली सही किंवा अंगठा करायचा. कोल्हापूर-बेळगावकडे हेळवी लोक गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगतात, तीच विद्या वेगळ्या रूपात. कोकणस्थ घराण्यांनी तर विसाव्या शतकात आपले कुलवृत्तांत छापले. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन विदुषीने त्यांवर 1968 मध्ये अभ्यासपूर्ण निबंध लिहिला. एकेक कुलवृत्तांत म्हणजे शेकडो घरांना पत्रं पाठवून जमवलेली माहिती. एका माणसाचं ते कामच नव्हे.

हाच माझा मुख्य मुद्दा. पूर्वजांचा शोध एकट्याने होत नाही.

आपल्या भुईकोट किल्ल्याचंच उदाहरण घ्या. ऑगस्ट 1803 मध्ये वेलस्लीच्या फौजेने आधी नगरची पेठ आणि मग 12 ऑगस्टला किल्ला घेतला. त्या हल्ल्यात पुढे होती 78 वी हायलँडर पलटण, स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली पोरं. काही जण इथल्याच मातीत राहिले. आज त्यांच्या घराण्यातला कोणी स्कॉटलंडमध्ये बसून विचारतो, आमचा पूर्वज कुठे गेला? त्याचं काम सोपं कशामुळे होतं? मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती त्या काळी लंडनला जात, त्या जपून ठेवल्या आहेत. 1998 पासून 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' ही संस्था अशा नोंदी स्वयंसेवकांकडून उतरवून घेते. 1976 पासून आणखी एक संस्था दक्षिण आशियातल्या जुन्या युरोपीय दफनभूमींची नोंद ठेवते. कोणी आपल्या पूर्वजासाठी रजिस्टर उघडतो आणि त्याच पानावरची दुसऱ्यांची दहा नावंही उतरवून ठेवतो. आपल्याला लागेल ते घ्यायचं आणि दुसऱ्याला लागेल ते ठेवून यायचं, असा तो व्यवहार.

स्कॉटलंडची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. तिथे 1 जानेवारी 1855 पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली. मृत्यूच्या नोंदीत मयताच्या वडिलांबरोबर आईचं नाव आणि तिचं माहेरचं आडनावसुद्धा विचारलं जातं. त्यामुळे तिथला माणूस आईच्या आईच्या घराण्यातही मागे जाऊ शकतो. आपल्याकडे 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा नियम झाला. त्याआधीच्या आयांचं काय, हे आपल्यालाच शोधावं लागणार.

आता माझ्या घरचं सांगतो. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. पणजोबा 1918 च्या साथीत गेले. इन्फ्लुएन्झाची ती साथ, जुने लोक तिला मानमोडी म्हणत. मागे पणजी आणि दोन लहान मुलं. थोरले माझे आजोबा, तेव्हा 9 वर्षांचे, धाकटा 6 वर्षांचा. धाकटा मोठेपणी मुंबईला गिरणीत गेला आणि पुन्हा गावाकडे आला नाही. आमच्या घरात म्हणत, "तो आईला विसरला." पणजीचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. सगळे तिला नुसतं "म्हातारी" म्हणत.

मी वारसाचा जुना फेरफार काढला. मोडीत होता. जमीन दोन्ही मुलांच्या नावे आणि पुढे "अ.पा.क. आई", म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, आणि तिचं नाव! मुलं अज्ञान होती म्हणून बाईचं नाव कागदावर आलं. मुलं सज्ञान झाल्यावर तो शेरा कमी झाला आणि तीही गेली. नाव मी मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना दाखवलं. मग पुण्याच्या एका अभ्यासकांना दाखवलं. दोघांनी दोन वेगळी नावं वाचली. मोडीत असं होतं, म्हणून कागद कायम दोघांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्यावा आणि दुसरा पुरावा शोधावा.

दुसरा पुरावा आला अगदी वेगळ्याच बाजूने. आमच्याच गावच्या, पण दुसऱ्या भावकीतल्या एक ताई ठाण्याला राहतात. त्या स्वतःच्या घराण्यासाठी त्र्यंबकला चोपडे पाहत होत्या. त्यांना आमच्या आडनावाची 1974 सालची एक सही दिसली, खाली कल्याणचा पत्ता. त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. तरी त्यांनी ते उतरवून घेतलं आणि मला फोन केला. ती सही होती धाकट्या आजोबांच्या मुलाची. पत्त्यावर कोणी राहत नव्हतं, पण शेजाऱ्यांनी नवा पत्ता दिला.

पहिली भेट काही गोड झाली नाही. आमच्या चुलत्यांना वाटलं, आता हे जमीन मागणार. त्यांच्या घरात दोन पिढ्या सांगितलं जात होतं, की थोरल्याने हिस्सा गिळला. चहा तसाच निवला. शेवटी मी म्हटलं, कागद काढू, कागद कोणाच्या बाजूने बोलत नाही. 1941 सालचा फेरफार निघाला, त्यात नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा उल्लेख, त्यावरून दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल. धाकट्याने आपला हिस्सा थोरल्याला सोडला होता. पैसा एक घेतला नव्हता. अट एकच लिहिली होती, आईला थोरल्याने शेवटपर्यंत सांभाळावं. आणि खाली बालबोधीत, स्वच्छ अक्षरात, आईचं नाव. गुरुजींनी वाचलेलंच.

तो आईला विसरला नव्हता आणि थोरल्याने काही गिळलंही नव्हतं. ऐंशी वर्षं दोन घरं एकमेकांवर रुसून होती, आणि खरं काय ते दोन पानांत लिहून ठेवलेलं होतं. आता दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नकार्यात असतात.

यानंतर आम्ही पूर्ण वंशावळ करायला बसलो तेव्हा आणखी एक वाद झाला. भावकीतले एक वडीलधारे म्हणाले, "मुलींची नावं कशाला घालता? उद्या हक्क सांगतील." बऱ्याच घरांत हे बोललं जातं, म्हणून सभेत सांगतो. मुलीचा हक्क तुमच्या वंशावळीतून येत नाही, कायद्यातून येतो. महाराष्ट्रात 1994 ला आणि देशभर 2005 ला वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलासारखीच हक्कदार झाली. नाव गाळल्याने हक्क जात नाही. उलट वारसाच्या प्रतिज्ञापत्रात वारस लपवला तर तो गुन्हा होतो. आणि हक्काचं सोडा, ज्या बाईने मानमोडीनंतर दोन पोरं जगवली, तिचं नाव शोधायला मला चार वर्षं लागली. आपल्या नातींची नावं शोधायला कोणाला चार वर्षं का लागावीत? आमच्या वंशावळीत सुना माहेरच्या नावासह आहेत आणि मुली सासरच्या गावासह आहेत. त्या वडीलधाऱ्यांनीच शेवटी त्यांच्या बहिणींची नावं सांगितली, पाचही.

हे काम हौसेपुरतं राहिलेलं नाही, तेही लक्षात घ्या. जातपडताळणीला वंशावळ आणि जुने पुरावे लागतात. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि गावोगाव मोडी वाचणाऱ्यांना एकदम मान आला. ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ करण्यापेक्षा आजच कागद जमवावेत. मोडी शिकायची असेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या जुन्या संस्था आहेत. आपल्या नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातही मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे.

काही पथ्यं सांगतो. ऐकीव आणि लेखी माहिती वेगवेगळ्या शाईने लिहा. कागद कुठे पाहिला, ते शेजारी टिपा. हयात माणसांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक ग्रुपवर टाकू नका. स्कॉटलंडमध्येसुद्धा जन्माच्या नोंदीची प्रतिमा 100 वर्षं होईपर्यंत इंटरनेटवर दाखवत नाहीत. घराण्यात एखादी दुःखद किंवा नाजूक गोष्ट निघाली, तर ज्यांच्या घरची ती आहे, त्यांना आधी विचारा. आणि दुसऱ्याच्या घराण्याचं काही सापडलं तर ठाण्याच्या ताईंसारखं कळवा.

शेवटी आपल्या संस्थेबद्दल. सेक्रेटरींच्या कपाटात 'आय' आणि 'जे' नमुन्याची सभासद नोंदवही आहे. पहिल्या वर्षी सही केलेल्यांपैकी काही जण आज आपल्यात नाहीत, त्यांच्या जागी मुलांची, सुनांची, मुलींची नावं लागली आहेत. तीही एक वंशावळच आहे. शंभर वर्षांनी कोणीतरी तीच वही उघडून विचारेल, आमचे पणजोबा नगरला कुठे राहत होते?

म्हणून माझी एक विनंती आहे. या स्मरणिकेच्या शेवटी एक कोरं पान ठेवायला संपादक मंडळाने मान्यता दिली आहे. त्यावर 14 घरं आखलेली असतील. या दिवाळीत घरातले सगळे जमले की ती 14 नावं भरा. जी येणार नाहीत, ती विचारायला अजून कोणीतरी घरात आहे, तोवर विचारा. मोडी कागद निघाला तर माझं दार वाजवा, रविवारी सकाळी मी घरीच असतो.