तरुणांसाठी उघडे दार
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने जैन परंपरेने श्रेष्ठ मानली. पहिली तीन अन्नछत्र, दवाखाना आणि पाठशाळा यांच्या रूपाने समाजात रुजली. चौथ्याचा विचार मात्र बहुधा जीवदयेपाशी थांबतो. वास्तविक शिक्षण अर्धवट सुटलेला, नोकरी न लागलेला, घरी मन मोकळे करू न शकणारा तरुणही अभयाचा अधिकारी आहे. कोणी जाब न विचारता ज्याला केव्हाही येऊन बसता, वाचता, बोलता येईल असे युवक केंद्र हे अभयदानाचेच रूप होय.

या जिल्ह्याला अशा आधाराचे मोल ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त झाली. कित्येक मुलांचे घर आणि आईवडिलांचे छत्र एकाच वेळी हरपले. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. राष्ट्र सेवा दलाचे पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभे केले. एक आधार दूरच्या शहरात, दुसरा याच मातीत. दोन्हींच्या मुळाशी करुणा एकच.

मात्र करुणेला गावाची जोड लागते. कुंभोज येथे 1887 मध्ये जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. समाजाने हा प्रसंग विसरू नये. एक दार बंद झाले. त्याच तरुणाने पुढे हजारोंसाठी दारे उघडली. दुधगावच्या विद्यार्थी आश्रमासाठी घरोघरी मूठभर धान्य मागण्यात आले. साताऱ्यास 1924 मध्ये सुरू झालेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवली. तेथील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले.

मूठभर धान्याने मोठी रक्कम जमत नाही. पण ज्या घरातून धान्य जाते, ते घर त्या मुलांची चौकशी करू लागते. हेच त्या योजनेचे मर्म होते. युवक केंद्रासही हाच नियम लागू आहे. एखाद्या धनिकाच्या देणगीने सभागृह उभे राहील. गाव मात्र त्यापासून अलिप्तच राहील. व्यापाऱ्याने हिशेब शिकवावा, निवृत्त शिक्षकाने संध्याकाळचा एक तास द्यावा, गृहिणींनी आळीपाळीने चहाफराळाची व्यवस्था पाहावी. उलट तरुणांनी वृद्धांचे बँकेतील अर्ज भरून द्यावेत, आजाऱ्यासोबत दवाखान्यात जावे, टंचाईत पाणीवाटपाला उभे राहावे. जमा आणि खर्च दोन्ही बाजूंनी झाला, तरच खाते जिवंत राहते. मुलींना तेथे निर्भयपणे येता यावे, आणि दाराशी कोणाचे आडनाव विचारले जाऊ नये, एवढे पथ्य कटाक्षाने पाळावे.

पन्नास वर्षांत न्यासाने जे उभारले, त्याचा अभिमान अवश्य असावा. परंतु पर्युषणात भरणारे सभागृह वर्षातील उरलेले दिवस कुलूपबंद राहणार असेल, तर महोत्सवाचे सुवर्ण केवळ मुलाम्याचे ठरेल. त्या कुलपाची किल्ली तरुणांच्या हाती विश्वासाने देणे, हाच या सुवर्णमहोत्सवाचा खरा कलश ठरो.

जयजिनेंद्र.