पराभव कोणाचा?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंगल प्रसंगी वक्त्याने विजयाविषयी बोलावे असा संकेत आहे. निमंत्रकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही 'पुणे वॉरियर्स' असे उत्तर दिले. ते क्षणभर स्तब्ध झाले आणि मग सौजन्याने म्हणाले, "दुसरा एखादा सुचत नाही का?" दुसरे विषय पुष्कळ सुचतात, पण सरकारी सेवेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. यशाची फाईल चार पानांत मिटते, अपयशाची जाडजूड होते आणि वाचनीयही तीच असते. शिवाय या अपयशाचा एक अध्याय आपल्या भिलाईपासून तासाभराच्या अंतरावर, आपल्यापैकी कित्येकांच्या डोळ्यांदेखत घडला आहे.

मार्च २०१० मध्ये आयपीएलच्या दोन नव्या संघांसाठी बोली लागली. सहारा समूहाने पुण्याच्या नावासाठी सदतीस कोटी डॉलर मोजण्याचे कबूल केले. आपल्या चलनात ही रक्कम तेव्हा सतराशे कोटींच्या घरात जात होती. तोवर त्या स्पर्धेत इतकी किंमत कोणत्याही संघाला आलेली नव्हती. पुण्याच्या नावाला एवढा भाव आला हे वाचून येथे सेक्टरांतल्या घराघरांत आनंद झाला. पुण्याला आपण आझाद हिंद एक्सप्रेसने वर्षातून एकदा जाणार, तेही कुणाच्या लग्नामुंजीला; तरी आनंद झाला, हे खरे.

पुढची हकिकत आकड्यांनी सांगतो. २०११ साली चौदा सामने झाले. त्यांत विजय चार, पराभव नऊ आणि एक सामना निकालाविना. घरचे मैदान तयार नसल्याने 'पुण्याचे' घरचे सामने नवी मुंबईत झाले. २०१२ साली सोळा सामन्यांत चार विजय, बारा पराभव आणि गुणतक्त्यात अखेरचे स्थान. २०१३ साली पुन्हा सोळांत चार आणि बारा. त्या वर्षी दिल्ली आणखी खाली गेल्यामुळे आपण शेवटून दुसरे आलो. तीन वर्षांची बेरीज ४६ सामने, १२ विजय आणि ३३ पराभव.

२०१२चा हंगाम मुळातून पाहण्यासारखा आहे. युवराजसिंग कर्करोगावरील उपचारांसाठी परदेशी होता. नेतृत्व सौरव गांगुलीकडे आले. पहिल्याच सामन्यात वानखेडे मैदानावर आपण अवघ्या १२९ धावा केल्या आणि मुंबईला १०१ वर रोखले. गहुंज्याच्या नव्याकोऱ्या मैदानावर पंजाब आणि चेन्नई यांना हरवले, मग दिल्लीत जाऊन दिल्लीलाही. सात सामन्यांत चार विजय! आणि त्यानंतर एकही नाही. उरलेले नऊ सामने ओळीने गेले. पुढल्या वर्षीचे पहिले दोन त्यांना जोडले की सलग अकरा होतात. हरण्याची सवय लागते म्हणतात, ती अशी लागत असावी.

या संघात माणसे लहान नव्हती. स्टीव्ह स्मिथ होता, रॉस टेलर होता, कोवळा भुवनेश्वर कुमार होता; रॉबिन उथप्पा व मनीष पांडे होते. मग काय नव्हते? आमच्या मते बसलेली घडी नव्हती. एकट्या २०१३ साली तीन कर्णधार झाले: अँजेलो मॅथ्यूज, रॉस टेलर, ॲरन फिंच. गंमत पाहा. चेन्नईत श्रीलंकेच्या खेळाडूंना खेळण्यास मनाई असल्याने मॅथ्यूजला बाहेर बसावे लागले, आणि नेमका तो सामना टेलरच्या नेतृत्वाखाली पुण्याने जिंकला. ज्या कचेरीत वर्षभरात तीन साहेब बदलतात, तेथील टेबलांवर काय अवस्था असते, हे या सभागृहात आम्ही निराळे सांगण्याची गरज नाही.

२३ एप्रिल २०१३ रोजी बंगळूरला जे झाले ते तर जगाला पाठ आहे. ख्रिस गेलने तीस चेंडूंत शतक पुरे केले आणि ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा काढल्या. त्यांत सतरा षटकार. गोलंदाज संपले म्हणून की काय, कर्णधार फिंच स्वतः चेंडू घेऊन आला. त्याच्या एका षटकात २९ धावा गेल्या. बंगळूरची धावसंख्या ५ बाद २६३ झाली. स्पर्धेतील हा सांघिक उच्चांक पुढे जवळजवळ अकरा वर्षे टिकला. आपण १३० धावांनी हरलो.

आणि पाचच दिवसांनी हाच संघ रायपूरला आला.

नव्या रायपूरजवळ परसदा येथील शहीद वीर नारायण सिंह मैदानावर झालेला तो पहिला आयपीएल सामना. दिल्लीच्या संघाने आपले दोन सामने तेथे नेले होते, त्यामुळे त्या दिवशी कागदोपत्री छत्तीसगड हे दिल्लीचे घर होते. २८ एप्रिलचा उन्हाळा. आपल्याकडचा एप्रिल कसा असतो ते सांगावयास नको. आम्ही मंडळातील पाच-सहा कुटुंबे डबे घेऊन, गाड्या करून गेलो. आमच्यासोबत मूळचे पुण्याचे एक सेवानिवृत्त गृहस्थ होते. त्यांनी निघण्यापूर्वीच जाहीर केले होते की, पुणे हरले तरी आपण पुण्याचेच. त्यांच्या शेजारी त्यांचा नातू बसला होता. तो भिलाईत जन्मला, शाळेत हिंदीतून बोलणारा. त्याने सरळ विचारले, "आजोबा, इनमें पुणेवाला कौन है?"

आजोबांनी दोन्ही संघांची यादी असलेला कागद डोळ्यांशी धरला आणि बराच वेळ तो खाली ठेवला नाही. पुण्याच्या बाजूने पुण्याचा माणूस काही सापडेना. पुण्याचा केदार जाधव त्या वर्षी होता. पण तो दिल्लीच्या संघात! प्रेक्षकांचीही स्थिती अशीच गोंधळलेली. सेहवागने बॅट उचलली की आरोळी, युवराजने चेंडू अडविला की आरोळी. कोणाचे घर आणि कोण पाहुणा, हे कुणी विचारीत नव्हते. मोठे खेळाडू प्रथमच आपल्या अंगणात उतरले होते, आणि तेवढे त्या रात्री पुरेसे होते.

दिल्लीने ५ बाद १६४ धावा केल्या. डेव्हिड वॉर्नरने झपाट्याने नाबाद अर्धशतक ठोकले. पुण्याने वीस षटकांत ४ बाद १४९ केल्या. सहा फलंदाज शिल्लक, आणि पंधरा धावांनी हार. गडी बाद होऊन हरणे समजते. हाती गडी राखून हरणे हे शिल्लक अनुदान मार्चअखेरीस परत जाण्यासारखे आहे. दिल्लीने त्या संपूर्ण हंगामात तीनच सामने जिंकले. त्यांतील दोन या परसद्याच्या मैदानावर. परतताना आजोबा अबोल होते. नातू मात्र खूश. त्याच्या हिशेबी "रायपूर" जिंकले होते.

पुण्याची सलग हार पुढेही चालू राहिली. ती नऊ सामन्यांची झाली. शेवटचे दोन सामने जिंकले तेव्हा कोणाचे लक्ष नव्हते. १९ मे रोजी अखेरचा सामना झाला आणि दोन दिवसांत सहारा समूहाने संघ सोडल्याचे जाहीर केले. मूळ वाद पैशांचा होता. ठरल्यापेक्षा सामने कमी झाले, म्हणून शुल्क कमी करावे असे मालकांचे म्हणणे, आणि मंडळाने तर बँकेची हमी वटविली. ऑक्टोबरमध्ये करार रद्द झाला. पुणे वॉरियर्स हा संघ उरला नाही. पुण्यात मोर्चा निघाला नाही, कोणी सुतक पाळले नाही. आम्हीही पाळले नाही.

या ठिकाणी आम्हांस १९७४ आठवते. म्हणजे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले. अजित वाडेकरांचा संघ इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरला, लॉर्ड्सवर तर ४२ धावांत सर्वबाद झाला. तीनच वर्षांपूर्वी ज्यांना डोक्यावर घेतले, त्या वाडेकरांच्या मुंबईतील घरावर दगड आले. इंदूरला विजयाचे स्मारक म्हणून उभारलेल्या बॅटीला काळे फासले गेले. हे लांच्छनास्पदच होते, त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु तो पराभव लोकांना आपला वाटला होता. पुणे वॉरियर्सचे ३३ पराभव मात्र बेवारस राहिले. नाव पुण्याचे, पैसा लखनौच्या समूहाचा, कर्णधार कधी पंजाबचा, कधी बंगालचा, कधी श्रीलंकेचा. याला आमचा आक्षेप नाही. भिलाईत राहणाऱ्याने परक्या माणसांविषयी आक्षेप घेणे शोभत नाही. रशियन अभियंत्यांनी उभ्या केलेल्या आणि अठरापगड प्रांतांच्या माणसांनी चालविलेल्या कारखान्याच्या गावाला आपण आपले म्हणतोच की. पण येथे माणसे राहिली, त्यांनी संसार मांडले, येथे निवृत्त झाली. तेथे दीड महिन्याचा मुक्काम होता.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पुणे वॉरियर्सचा करार रद्द झाला त्या हिवाळ्यात महाराष्ट्राचा खरा संघ, म्हणजे देवधरांच्या काळात १९४०-४१ साली अखेरचा रणजी करंडक जिंकणारा संघ, एकवीस वर्षांनी अंतिम सामन्यात पोहोचला. केदार जाधवने त्या हंगामात १२२३ धावा केल्या. हैदराबादला कर्नाटकाने आपल्याला सात गडी राखून हरविले. कर्नाटकाकडून खेळत होते उथप्पा आणि पांडे. पुण्याचा सदरा घालून ते दोघे वर्षानुवर्षे हरले, आणि आपल्या प्रांताचा सदरा घालून पुण्याच्या संघाला हरवून गेले! त्या संध्याकाळी आमचे ते सेवानिवृत्त गृहस्थ मात्र खरोखर जेवले नाहीत.

आपल्यापैकी निम्म्यांची मुळे विदर्भात आहेत. त्यांच्यापुढे तर पराभवाविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकारच नाही. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतो आहे. सहा दशके त्याची गणना दुबळ्यांत झाली. १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरला, फैज फजलच्या नेतृत्वाखाली त्याने दिल्लीला हरवून पहिला करंडक उचलला आणि पुढल्या वर्षी तो राखला. त्या दिवशी भिलाईत किती नागपूरकरांच्या घरी पेढे आले, याची मोजदाद आम्ही केली नाही; आमच्या घरी तीन ठिकाणांहून आले.

दरम्यान छत्तीसगडही रणजीत उतरले होते. २०१६ साली पहिल्याच सामन्यात त्याने त्रिपुराला नऊ गडी राखून हरविले. २०१८-१९ साली तर महाराष्ट्र, मुंबई, विदर्भ आणि छत्तीसगड हे चारही संघ एकाच गटात आले. रायपूरला "रायपूर जिंकले" म्हणणारा तो नातू तोवर कॉलेजात गेला होता. त्या हिवाळ्यात त्यांच्या घरी सकाळचे वर्तमानपत्र आले की आजोबा महाराष्ट्राचा धावफलक पाहत, नागपूरचे माहेर असलेली सून विदर्भाचा आणि नातू छत्तीसगडचा. एकच पान तिघांत फिरत असे आणि चहा निवत असे.