सदतीस वर्षांची चिकाटी



या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं तरुणांस उद्देशून दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. हातीं घेतलेलें कार्य तडीस कसें न्यावें, याचा कित्ता आपणांस फादर थॉमस स्टीफन्स यांच्या चरित्रांत सांपडतो.

इंग्लंडांत जन्मलेले हे येशूसंघीय १५७९ सालीं गोव्यास आले. येथील भाषा त्यांस सर्वस्वी परकी. तथापि ते पुनः विद्यार्थी झाले, आणि साष्टी प्रांतांत धर्मकार्य सांभाळून त्यांनीं कोंकणी व मराठी आत्मसात् केल्या. १६१६ सालीं राचोल येथें त्यांचें सुमारें ११,००० ओंव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालें. देवनागरी खिळ्यांची सोय नव्हती, म्हणून मराठी ओंव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. पण तेवढ्यासाठीं ग्रंथ अडून राहिला नाहीं. पुढें १६१९ सालीं ते प्रभुचरणीं विसावले. त्यांचें कोंकणी व्याकरण तर त्यांच्या पश्चात्, १६४० सालीं, प्रसिद्ध झालें.

गोव्यास आल्यापासून पुराण छापेपर्यंत सदतीस वर्षें! परीक्षेंत एकदां अपयश आलें म्हणून पुस्तक कायमचें मिटूं पाहणाऱ्या मुलांनों, हा आंकडा ध्यानीं धरा. घरच्या गरिबीमुळें ज्यांची शाळा सुटली, त्यांनींही आतां वय सरलें असें म्हणूं नये. सर्व साधनें अनुकूल होण्याची वाट पाहणारा वाटेवरच राहतो. आपणांस जीं अक्षरें लाभलीं आहेत, त्यांतच आजचें पान पुरें करावें. फळ केव्हां द्यावें, हें परमेश्वर जाणतो.

तो दयाघन आपणां सर्वांस असा धीर देवो.