कोल्हापूरचे नाट्यगृह : वास्तू लोकांची, जबाबदारीही लोकांची
(व्याख्यानाचे शब्दांकन)



गावाची ओळख जशी त्याच्या बाजारपेठेवरून होते, तशीच ती गावाने सर्वांसाठी उभारलेल्या वास्तूंवरूनही होते. पाणपोई, धर्मशाळा, वाचनालय आणि नाट्यगृह या त्या वास्तू होत. त्यांचा मालक एक नसतो आणि म्हणूनच त्यांची काळजी घेणाराही पुष्कळदा कोणी नसतो. कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

१९०२ साली राजर्षी शाहू छत्रपती सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेस गेले. त्या प्रवासात रोम येथील प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले. परत आल्यावर त्यांनी खासबागेत कुस्तीचे भव्य मैदान बांधविले व ते १९१२ साली पूर्ण झाले. त्याला लागूनच नाट्यगृहाचे काम १९१३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन १९१५ च्या ऑक्टोबरमध्ये संपले. त्यास नाव मिळाले ‘पॅलेस थिएटर’. एका बाजूला मल्लविद्या आणि दुसऱ्या बाजूला नाट्यकला, असा हा शेजार होता. त्या काळी कोल्हापूर आजच्या मानाने लहानसे गाव होते आणि अनेक ठिकाणी नाटक मंडळ्यांना तात्पुरत्या मांडवातच खेळ करावे लागत. अशा वेळी संस्थानच्या खजिन्यातून कलेसाठी दगडी वास्तू उभी राहावी, ही राजाची हौस म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नव्हे. खजिना प्रजेच्या करांतून भरतो. प्रजेचा पैसा प्रजेच्या आनंदासाठी व संस्कारासाठी खर्च झाला, हाच तिचा खरा अर्थ आहे.

ज्यांचे नाव १९५७ साली या वास्तूस देण्यात आले, ते केशवराव भोसले याच मातीतले. जन्म ९ ऑगस्ट १८९०. बालवयातच त्यांनी रंगभूमीवर पाऊल टाकले आणि १९०८ साली हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी स्थापन केली. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ हा प्रयोग झाला. त्यात केशवराव धैर्यधर होते, तर बालगंधर्व भामिनी. व्यवसायात प्रतिस्पर्धी असलेल्या दोन मंडळ्यांचे नायक सार्वजनिक कार्यासाठी एका रंगमंचावर आले, ही घटना आजही अनुकरणीय आहे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी केशवराव निवर्तले.

१९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९७२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. राजाने बांधलेली वास्तू अशा रीतीने नागरिकांच्या स्वाधीन झाली. येथे व्यावसायिक नाटके झाली, राज्य नाट्य स्पर्धा झाल्या, हौशी कलावंतांची पहिली पावले याच मंचावर पडली. अशा नाट्यगृहाचे भाडे बेताचेच ठेवावे लागते, अन्यथा गावातील होतकरू मंडळींना त्याचे दार कायमचे बंद होईल. जमाखर्चाच्या वहीत त्यामुळे तूट दिसते. परंतु ती तूट हे नुकसान नव्हे. गावाने आपल्या पुढच्या पिढीत केलेली ती गुंतवणूक आहे.

मात्र येथेच एक सावधगिरी हवी. कोणताही शहाणा व्यापारी वर्षअखेरीस घसारा धरल्याशिवाय ताळेबंद पुरा करीत नाही. छप्पर जुने होते, लाकूड वाळते, विजेच्या तारा झिजतात. सार्वजनिक वास्तूचा हा घसारा वहीत धरला नाही तरी तो व्हायचा थांबत नाही. देखभालीवरील खर्च टाळणे म्हणजे काटकसर नव्हे. ते पुढच्या पिढीच्या नावावर काढलेले कर्ज होय.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहास भीषण आग लागली. छप्पर कोसळले, रंगमंच व खुर्च्या भस्मसात झाल्या आणि शेजारच्या खासबाग मैदानाच्या व्यासपीठासही झळ पोहोचली. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. ज्या दिवशी तेथे फुले वाहायची, त्या दिवशी कलावंत आणि सामान्य नागरिक राखेसमोर अश्रू ढाळीत उभे होते. दगडी भिंती पुष्कळशा तग धरून राहिल्या. शासनाने निधी जाहीर केला आणि वास्तू पूर्वीच्याच रूपात उभारण्याचा निर्णय झाला.

त्या अश्रूंचे मोल मोठे आहे. जी वास्तू लोकांना आपली वाटत नाही, तिच्यासाठी कोणी रडत नाही. परंतु हे आपलेपण वास्तू जळाल्यानंतर प्रकट होऊन भागत नाही. ते दरवर्षीच्या तपासणीत, वेळेवर केलेल्या दुरुस्तीत, आग विझविण्याच्या सज्ज साधनांत आणि चोख हिशेबात दिसले पाहिजे. भिंती निधीतून उभ्या राहतात, त्या टिकतात मात्र नित्याच्या देखरेखीने.

प्रत्येक गावात लहानमोठे सभागृह असते. कोणी देणगी दिली असेल, कोणी कर भरला असेल, कोणी श्रमदान केले असेल. त्या सर्वांचे ऋण फेडण्याचा मार्ग एकच : मिळालेली वास्तू मिळाली त्याहून चांगल्या स्थितीत पुढील पिढीच्या हाती देणे. अशी सुबुद्धी सर्व गावांस लाभो, ही सदिच्छा.